दुसरी नळवाहिनी पूर्ण करा; सुरुवात आपल्या आवारातून



मराठी शाळांची घटती पटसंख्या, गणेशोत्सवाच्या परवानग्या, निगमच्या निवडणुकीत आपल्या माणसांना मिळणारी तिकिटे या विषयांवर आपल्या पत्रिकेत आजवर भरपूर लिहिले गेले. सांडपाण्यावर मात्र एक ओळही आलेली आम्हाला आठवत नाही. विषय घाणीचा, त्यामुळे आपल्या सभ्य पानांवर तो शोभत नाही, असे आपण न बोलता ठरवून टाकले होते. या वेळी आम्ही तो विषय घेत आहोत. त्याची सुरुवात निगमवर टीका करून करता येत नाही. ती स्वतःच्या चुकीपासून करावी लागते.

काही वर्षांपूर्वी आपल्या कार्यकारिणीपुढे एका तरुण सभासदाची सूचना आली होती. मुलगा स्थापत्य अभियंता. तो म्हणाला, आपल्या कार्यालयाच्या आवारातली बाग, कुंड्या आणि फरशी धुण्यासाठी आपण प्रक्रिया केलेले पाणी घेऊ. शहरात त्याची वेगळी वाहिनी टाकली जात आहे, आपण आपणहून जोडणी मागितली तर ती आपल्या रस्त्यापर्यंत आणण्याला कारण मिळेल. सूचना दहा मिनिटांत फेटाळली गेली. ‘मांडव घालतो त्या जागी गटाराचे पाणी शिंपडायचे का?’ असे एका ज्येष्ठांनी विचारले. ‘लग्नाला कार्यालय कोण घेईल?’ असे दुसऱ्यांनी विचारले. बाकीच्यांनी माना डोलावल्या. माना डोलावणाऱ्यांत आज हा मजकूर लिहिणारे आम्हीही होतो. बागेला तेव्हापासून आजतागायत नर्मदेचे पाणी जाते.

ते नर्मदेचे पाणी आपल्या बागेपर्यंत कसे येते, हे आपल्या पुढच्या पिढीला आता सांगावे लागते.

पाणी कुठून येते

होळकरांच्या काळात इंदूर आपल्या तलावांवर जगत होते. बिलावली, पिपल्यापाला, सिरपूर आणि पुढे गंभीर नदीवरचे यशवंत सागर. शहर वाढले आणि तलाव पुरेनात. 1970 साली नर्मदा इंदुरात आणा म्हणून मोठे जनआंदोलन झाले. त्या मोर्च्यांत आपल्याही घरांतली माणसे होती. आज सत्तरी-पंचाहत्तरीत असलेल्या सभासदांना विचारा. 1978 मध्ये पहिल्या टप्प्याचे पाणी शहरात आले. मग दुसरा टप्पा झाला, तिसरा झाला. आज तिन्ही टप्प्यांची मिळून क्षमता दिवसाला सुमारे 540 दशलक्ष लिटर आहे, आणि चौथ्या टप्प्याची तयारी चालू आहे.

हे पाणी उचलले जाते जलूदला, खरगोन जिल्ह्यात, अहिल्याबाईंच्या महेश्वरापासून फार लांब नाही. तिथे नर्मदेचे पात्र समुद्रसपाटीपासून जेमतेम दीडशे मीटरवर आहे. इंदूर आहे साडेपाचशे मीटरवर, आणि मध्ये विंध्याचा घाट त्याहूनही उंच. म्हणजे सुमारे 70 किलोमीटर अंतर आणि वर घाटाची चढण. प्रत्येक थेंब पंपाने ढकलून वर आणावा लागतो. विजेचे बिल दर महिन्याला कोट्यवधींचे. त्याचा भार हलका करण्यासाठी निगमने फेब्रुवारी 2023 मध्ये 244 कोटी रुपयांचे हरित रोखे काढून जलूदला सौर ऊर्जा प्रकल्प हाती घेतला. एवढे करूनही बहुतेक वस्त्यांत नळ एक दिवसाआड येतो. शहराच्या कडेच्या वसाहतींत तर उन्हाळ्यात बायका टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात.

आणि त्या पाण्याने आपण बाग शिंपतो. गाड्या धुतो. अंगणात सडा टाकतो. नवे घर बांधताना भिंतींवर तेच पाणी मारतो.

पाणी कुठे जाते

घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे 80 टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे गृहीत धरून आपल्या देशात मलजल योजना आखल्या जातात. गळती क्षणभर बाजूला ठेवली तर 540 पैकी 430 दशलक्ष लिटर पाणी रोज मोरीतून, संडासातून, स्वयंपाकघरातून परत निघते. त्यात बोअरिंगच्या पाण्याची भर वेगळीच.

पूर्वी हे सगळे कान्ह आणि सरस्वती नद्यांत जात असे. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी नाकाला रुमाल लावल्याशिवाय उभे राहता येत नसे, ही फार जुनी गोष्ट नाही. या बाबतीत शहराने मोठे काम केले आहे, आणि ते मान्य करायला हवे. नाल्यांत आणि नदीत थेट सोडलेली हजारो घरगुती व सार्वजनिक तोंडे शोधून ती मलवाहिनीला जोडली गेली. कबीटखेडीला 245 दशलक्ष लिटर क्षमतेचे मोठे शुद्धीकरण केंद्र उभे राहिले. तिथेच 78 आणि 12 दशलक्ष लिटरची जुनी केंद्रे होती. नदीकाठी लहान केंद्रे झाली. ऑगस्ट 2021 मध्ये इंदूरला देशातले पहिले ‘वॉटर प्लस’ शहर ठरवले गेले. ‘नमामि गंगे’ योजनेखालीही इंदुरात नवी केंद्रे मंजूर झाली. कारण कान्ह क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला आणि यमुना गंगेला.

आता आकडा पाहा. ‘वॉटर प्लस’चा मान मिळाला तेव्हा शहरात रोज वापरल्या जाणाऱ्या प्रक्रिया केलेल्या पाण्याचा आकडा 110 दशलक्ष लिटर असा दिला गेला होता. वर काढलेल्या 430 च्या हिशेबाने हा जेमतेम चौथा हिस्सा. बाकीचे पाणी खर्च करून शुद्ध केले आणि कान्हच्या पात्रात सोडून दिले.

पुढे काय होते तेही पाहा. हीच कान्ह उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. तिचे पाणी स्नानाच्या घाटांवर येऊ नये म्हणून 2016 च्या सिंहस्थाआधी ते पाइपातून वळवून पुढे सोडण्याचे काम झाले. आता 2028 च्या सिंहस्थासाठी त्याहून मोठी बंदिस्त वाहिनी आणि बोगदा बांधला जात आहे. दुसरीकडे क्षिप्रेला पाणी असावे म्हणून 2014 पासून नर्मदेचे पाणी पंपाने वर चढवून तिच्या उगमाकडे सोडण्याची सोय केलेली आहे. नर्मदा दोन वाटांनी माळव्यावर चढवायची, एका वाटेचे पाणी वापरून कान्हमध्ये सोडायचे, आणि ते क्षिप्रेच्या घाटावर येऊ नये म्हणून पुन्हा पाइप टाकायचे. एखाद्या घरात असा कारभार चालला असता तर आपल्या आज्यांनी काय म्हटले असते, ते आम्ही लिहीत नाही.

शेवटचे काम का राहते

प्रक्रिया केलेल्या पाण्याची वेगळी वाहिनी शहरात काही बागांपर्यंत, काही दुभाजकांपर्यंत, काही हायड्रंटांपर्यंत पोहोचली आहे. शहरभर पोहोचलेली नाही. अशा योजना सगळीकडेच का रेंगाळतात याची कारणे समजून घेतली पाहिजेत, नाहीतर सगळा दोष ‘ठेकेदार आणि नेते’ यांच्यावर टाकून आपण मोकळे होतो.

पहिले कारण उताराचे. सांडपाणी उताराने वाहते, म्हणून शुद्धीकरण केंद्र शहराच्या सखल टोकाला असते. कबीटखेडी तशीच आहे. पण बागा, इमारतींची कामे, कारखाने शहरभर पसरलेले. म्हणजे शुद्ध केलेले पाणी पुन्हा चढावर ढकलायचे, त्यासाठी पंप, उंच टाक्या आणि मैलोगणती पाइप. केंद्र एका जागी बांधून होते, पाइप मात्र शंभर रस्ते खोदून टाकावा लागतो.

दुसरे कारण उद्घाटनाचे. केंद्राचे लोकार्पण होते, फीत कापली जाते, छायाचित्र छापून येते. गल्लीतल्या शेवटच्या दोनशे मीटर पाइपाची फीत कोणी कापत नाही. झाकण बसवलेले पाइपाचे तोंड तसेच जमिनीत राहते, त्यावर रस्ता होतो, आणि पाच वर्षांनी ते कुठे आहे हे सांगणारा कर्मचारीही बदलून गेलेला असतो.

तिसरे कारण दराचे. जमिनीखालचे पाणी फुकट आहे अशी आपली समजूत आहे. बांधकामाला बोअरिंगचा टँकर एका फोनवर येतो. मग प्रक्रिया केलेल्या पाण्यासाठी अर्ज कोण करणार?

चौथे कारण आपण स्वतः. गिऱ्हाईकच नसेल तर वाहिनी कोणासाठी पूर्ण करायची? आमच्या त्या दहा मिनिटांच्या सभेसारख्या सभा किती संस्थांत, किती सोसायट्यांत झाल्या असतील, याचा विचार करा.

दोन शंका

या पाण्याला विरोध करणारे सगळे मागासलेले आणि आम्ही शहाणे, असा आमचा अजिबात दावा नाही. दोन शंका खऱ्या आहेत आणि त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिली शंका सोवळ्याची. आपल्या घरांत पाण्याला मोठा मान आहे. पूजेचे पाणी वेगळे, पिण्याचे वेगळे, वापरायचे वेगळे. आमचे म्हणणे इतकेच की हाच नियम शहराला लावू या. पिण्याचे आणि पूजेचे पाणी नर्मदेचे, आणि बागेचे, फरशीचे, संडासाचे, बांधकामाचे पाणी दुसऱ्या नळाचे. आपल्या जुन्या वाड्यांत हंडा-कळशीची जागा आणि वापरायच्या बंबाची जागा कधी एक नव्हती. दोन नळवाहिन्या म्हणजे तीच रीत. आज जे चालले आहे, म्हणजे पिण्याच्या पाण्यानेच संडास धुणे, ते खरे तर आपल्या आजीला पटले नसते.

केंद्रात काय होते हेही थोडक्यात सांगतो. आधी जाळ्यांतून कचरा आणि वाळू काढतात. मग मोठ्या टाकीत पाण्यात हवा सोडतात, त्यामुळे घाण खाणारे सूक्ष्म जीव वाढतात आणि आपले काम करतात. हवा बंद केली की गाळ खाली बसतो आणि वरचे स्वच्छ पाणी काढून घेतात. कबीटखेडीच्या मोठ्या केंद्रात हे सर्व एकाच टाकीत आळीपाळीने होते. शेवटी क्लोरीन. हे पाणी पिण्यासाठी नाही आणि ते प्यावे असे कोणी म्हणतही नाही. बागेला, बांधकामाला, रस्ते धुवायला ते चालते. कच्च्या खायच्या पालेभाजीवर ते शिंपडू नये, तुषार उडवण्यापेक्षा मुळाशी द्यावे, मुलांना त्या नळाशी खेळू देऊ नये. एवढी पथ्ये पाळली की झाले.

दुसरी शंका भीतीची, आणि ती जास्त गंभीर आहे. डिसेंबर 2025 च्या अखेरीस आपल्याच शहरात भागीरथपुऱ्यात पिण्याच्या नळातून घाण पाणी आले. शेकडो माणसे आजारी पडली, अनेकांचे प्राण गेले. मुख्य जलवाहिनीला गळती होती आणि त्याच जागी वर शौचालय होते, असे पुढे आले. देशातले सर्वांत स्वच्छ शहर म्हणून वर्षानुवर्षे मिरवणाऱ्या इंदुरात हे घडले. त्या घरांतले दुःख कोणत्याही पुरस्काराने भरून निघणार नाही. त्यानंतर ‘जमिनीत आणखी एक पाइप, तोही सांडपाण्याचा’ असे म्हटले की कोणाच्याही पोटात गोळा येणार. ही भीती रास्त आहे.

पण भागीरथपुऱ्याने काय शिकवले ते नीट पाहू. नळ एक दिवसाआड येतो, म्हणजे उरलेला वेळ पाइप रिकामा असतो. आत दाब नसतो. अशा वेळी पाइपाला जिथे भोक असेल तिथून बाहेरचे पाणी आत ओढले जाते, आणि बाहेर जे असेल तेच आत येते. म्हणजे धोका आहे तो फुटक्या पाइपाचा, नकाशा नसण्याचा, तक्रार ऐकून न घेण्याचा. चांगल्या रीतीने टाकलेली, वेगळ्या रंगाची, नोंद असलेली वाहिनी हा धोका वाढवत नाही. अर्धवट टाकलेली, नकाशा हरवलेली, कोणाचीही जबाबदारी नसलेली वाहिनी मात्र नक्की वाढवते. म्हणून आमचे मत असे की भागीरथपुऱ्यानंतर हे काम थांबवणे ही चूक होईल, आणि आहे तसे घाईघाईने उरकणे ही त्याहून मोठी चूक होईल. काम पूर्ण करायचे, आणि नीट पूर्ण करायचे.

आणखी एक आक्षेप शेतकऱ्यांच्या बाजूने येतो. कान्हच्या काठी खालच्या अंगाला लोक नदीचे पाणी शेतीला घेतात. सगळे पाणी शहराने परत वापरले तर नदी कोरडी पडेल. हा आक्षेपही बरोबर आहे. म्हणून सगळे पाणी परत घ्या असे आम्ही म्हणत नाही. नदीचा आणि शेतीचा वाटा आधी ठरवा, तो स्वच्छ पाण्याचा असू द्या, आणि उरलेल्याचा हिशेब जाहीर करा.

इतरांनी काय केले

हे काम अशक्य नाही. नागपुरात भांडेवाडी केंद्रातले प्रक्रिया केलेले पाणी वाहिनीने कोराडीच्या वीज केंद्राला जाते. ही योजना दिवसाला 130 दशलक्ष लिटरची आहे. वीज केंद्राला लागणारे तेवढे धरणाचे पाणी वाचते आणि महापालिकेला उत्पन्न मिळते. सुरतेने 2014 पासून पांडेसऱ्याच्या कापड गिरण्यांना अशा पाण्यावर आणखी प्रक्रिया करून ते विकायला सुरुवात केली. बंगळुरूचे प्रक्रिया केलेले पाणी 2018 पासून कोलारच्या कोरड्या तलावांत सोडले जाते. सिंगापूरने 2003 पासून हेच पाणी अत्यंत बारीक गाळण्यांतून काढून कारखान्यांना दिले, आणि त्यातला थोडा भाग पिण्याच्या पाण्याच्या जलाशयातही मिसळला. आपण तितक्या लांब जाण्याची गरज नाही. आपल्याला फक्त बागेपर्यंत जायचे आहे.

आणि बागेचा विचार इंदूरला नवा नाही. महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या दरबाराने स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना इंदुरात बोलावले होते. प्लेगच्या त्या दिवसांत त्यांनी दिवाळीला शहर स्वच्छतेची मिरवणूक काढली. ज्या रस्त्यावरची घरे सर्वांत स्वच्छ, त्या रस्त्याने मिरवणूक जाईल असे जाहीर केले, आणि लोकांनी चढाओढीने घरे-गल्ल्या साफ केल्या. ती गोष्ट आपल्याकडे आजही सांगतात. पण 1918 साली त्यांनी दरबाराला जो नगररचनेचा अहवाल दिला, त्यातला दुसरा मुद्दा आपण विसरलो. मोठा खर्च करून मैलापाणी नळांतून दूर नेऊन टाकण्यापेक्षा ते बागा आणि मळ्यांना उपयोगी पडावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांची सगळीच मते आजच्या तीस-पस्तीस लाखांच्या शहराला लागू पडणार नाहीत. तरी मूळ विचार होळकरांच्या छापखान्यात छापून निघाल्याला शंभर वर्षे उलटून गेली आहेत, आणि आपण अजून शेवटच्या दोनशे मीटरपाशी अडलो आहोत.

आमच्या मागण्या

2022 च्या जुलैत निवडलेल्या नगर निगमची मुदत 2027 मध्ये संपते. तिकिटे मागणारे आपल्या कार्यालयात येतीलच. ते दरवेळी येतात. आपण त्यांना काय विचारतो? आमच्यातल्या किती जणांना तिकीट देणार, सभागृहाला निधी देणार का, कमानीला कोणाचे नाव देणार. या वेळी सगळ्या पक्षांच्या उमेदवारांना पुढील पाच गोष्टी विचाराव्यात, आणि उत्तर लेखी घ्यावे, असे आम्ही सुचवतो.

1. प्रक्रिया केलेल्या पाण्याची वाहिनी आपल्या वॉर्डात कुठपर्यंत आली, कुठे थांबली आणि कधी पूर्ण होणार, याचा नकाशा वॉर्ड कार्यालयात सर्वांना दिसेल असा लावावा.

2. ही वाहिनी वेगळ्या रंगाची असावी. जगात अनेक ठिकाणी यासाठी जांभळा रंग वापरतात. तोटीवर ‘पिण्याचे पाणी नाही’ असे हिंदीत आणि चित्राने लिहिलेले असावे, आणि तोटीची जोडणी अशी असावी की घरगुती नळाला ती चुकूनही बसू नये.

3. पिण्याची वाहिनी वर, दुसरी खाली, आणि दोहोंत पुरेसे अंतर. हा नियम प्रत्येक गल्लीत पाळला गेला की नाही हे खड्डा बुजवण्यापूर्वी तपासावे. सुरू करण्यापूर्वी दाब चाचणी आणि रंगीत पाणी सोडून चाचणी व्हावी, आणि त्या वेळी रहिवाशांना बोलवावे.

4. ज्या रस्त्यात ही वाहिनी टाकायची, त्याच रस्त्यातली पिण्याची जुनी, गळकी वाहिनी त्याच वेळी बदलावी. एक रस्ता दोनदा खोदू नये.

5. मोठी बांधकामे, मोठी कार्यालये, हॉटेले आणि बागा यांनी जिथे दुसरी वाहिनी आली आहे तिथे तेच पाणी घ्यावे, आणि वाचलेले नर्मदेचे पाणी कोणत्या वसाहतीत वाढवून दिले, ते दर वर्षी जाहीर करावे.

शेवटची मागणी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपण बागेसाठी नर्मदा सोडली, तर ती नर्मदा टँकरच्या रांगेतल्या बाईच्या हंड्यात पोहोचली पाहिजे. ती कोणाच्या नव्या जलतरण तलावात गेली, तर आपण फसवले गेलो.

आपण काय करायचे

आपण पिढ्यान्‌पिढ्या इथे राहतो. आपल्यातल्या बहुतेकांची घरे जुन्या वस्त्यांत आहेत, जिथे नळ लवकर आला. त्याचा आपल्याला इतका सराव झाला की पाणी हा आपला प्रश्न आहे हेच आपण विसरलो. संख्येने आपण आता पूर्वीइतके नाही, पण या शहरात आपला शब्द अजून ऐकला जातो. तो शब्द फक्त तिकिटासाठी खर्च करायचा का, हा प्रश्न आम्ही आपल्यापुढे ठेवत आहोत.

कार्यकारिणीच्या पुढच्या सभेत आम्ही तो जुना ठराव मागे घेण्याची सूचना मांडणार आहोत. आपल्या कार्यालयाच्या आवारातली बाग आणि बाहेरची फरशी यांसाठी प्रक्रिया केलेल्या पाण्याची जोडणी मागणारा अर्ज करावा, वाहिनी रस्त्यापर्यंत येईपर्यंत बागेला पिण्याचे पाणी देणे बंद करून पावसाचे साठवलेले पाणी वापरावे, आणि स्वयंपाकघर, मांडवाची जागा व देवघर यांना नर्मदेचेच पाणी राहील असे ठरावात स्पष्ट लिहावे, असा तिचा मसुदा आहे. ज्या ज्येष्ठांनी तेव्हा हरकत घेतली होती, त्यांना आम्ही या मसुद्याची प्रत आधीच दिली आहे. त्यांनी ती वाचून एकच दुरुस्ती सुचवली, की तुळशीला हे पाणी घालू नये. आम्ही ती आनंदाने मान्य केली.

सूचना मांडणारा तो तरुण सभासद आता नोकरीनिमित्त पुण्यात असतो. हा अंक त्यालाही पाठवत आहोत. सभेला आपण सर्वांनी यावे, विरोध असेल तर तोही येऊन मांडावा. मात्र या वेळी चर्चा दहा मिनिटांत संपवू नये, एवढी विनंती.